पाच वर्षे सूक्ष्मजीवांच्या अभ्यासात: आगरवाड्याच्या एका वडिलांना उत्तर

पेडणे तालुक्यातील आगरवाडा येथून एका गृहस्थांनी सविस्तर पत्र पाठवले आहे. त्यांच्या कुटुंबाची शापोरा नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या मिठागरे आहेत. थोरली मुलगी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाली, नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत तिला जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली, आणि आता मिठागरांतील सूक्ष्मजीवांवर पीएचडी करून पुढे विद्यापीठातच राहण्याची तिची इच्छा आहे. त्याच सुमारास वेर्णा येथील एका औषध कंपनीने तिला तपासणी विभागात नोकरी देऊ केली आहे. वडील लिहितात: "पाणी लाल झाले की मीठ पडायला आले, हे माझ्या आजोबांनाही ठाऊक होते. त्यासाठी पाच वर्षे विद्यापीठात कशाला? तोवर ती तिशीला टेकेल, मग लग्नाचे काय? पुढे प्राध्यापकाची जागा मिळेल याची हमी कोण देणार? रोज जंतू हाताळून प्रकृतीला काही झाले तर? तिला हो म्हणू की नको, ते सांगा."

सप्रेम नमस्कार.

तुम्ही प्रश्न सरळ विचारला आहे, म्हणून माझे मतही आधीच सांगते. तुमच्या मुलीने अधिछात्रवृत्ती घ्यावी आणि संशोधनाला जावे असे मला वाटते. मात्र कोणत्या मार्गदर्शकाकडे नाव नोंदवायचे याची नीट चौकशी झाल्याशिवाय तिने कंपनीला नकार कळवू नये. मी हा विषय विद्यार्थ्यांना दीर्घकाळ शिकवला आहे आणि या वाटेने गेलेल्या मुलामुलींचे पुढे काय झाले तेही जवळून पाहिले आहे. त्यांच्यातील जे आज समाधानी आहेत आणि जे कडवट होऊन बाहेर पडले, त्यांच्यातला फरक हुशारीचा क्वचितच होता. बहुतेक वेळा तो प्रयोगशाळेच्या निवडीचा होता, आणि ही निवड करताना घरच्यांची मदत फार मोलाची ठरते.

तुमच्या आजोबांचे निरीक्षण अचूक होते, आणि तुमच्या मुलीचा विषय नेमका तेथूनच सुरू होतो. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के क्षार असतात. मिठागरात ते पाणी उन्हाने आटत जाते आणि क्षारांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या पुढे गेले की मीठ पडू लागते. एवढ्या खारट पाण्यात बहुतेक सजीवांच्या पेशी सुकून मरतात. पण काही सूक्ष्मजीव त्याच पाण्यात इतके माजतात की त्यांच्या रंगद्रव्यामुळे पाणी आधी गुलाबी आणि मग लाल दिसू लागते. तो लाल रंग सूर्याची उष्णता शोषून घेतो, त्यामुळे पाणी अधिक तापते आणि लवकर आटते. म्हणजे हे सूक्ष्मजीव मीठ पडण्याची केवळ खूण नाहीत, मीठ पिकवण्यात त्यांचा वाटा आहे. यांतील बहुतेकांना पूर्वी जीवाणूच समजत असत. १९७७ मध्ये अमेरिकेतील कार्ल वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनी पेशींतील एका रेणूच्या रचनेची तुलना करून दाखवले की दिसायला जीवाणूंसारख्या असलेल्या काही सूक्ष्मजीवांचा वंशच वेगळा आहे, आणि मिठात राहणारे हे लाल जीवही पुढे त्याच वंशात गणले गेले. त्या वंशाला आज आर्किया म्हणतात. त्यांच्या शेजारी खरे जीवाणूही राहतात. स्पेनमधील मिठागरांतून मिळालेल्या 'सॅलिनिबॅक्टर रुबर' या लाल जीवाणूचे वर्णन २००२ मध्ये प्रसिद्ध झाले, तोवर एवढ्या तीव्र मिठात जीवाणूही मोठ्या संख्येने राहत असतील असे फारसे कोणी धरून चालत नव्हते.

मग एवढे ठाऊक असताना पाच वर्षे कशाला, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. मिठागरात उभे राहूनच विचार करून पाहा. यांतल्या कित्येक जातींच्या पेशी गोड्या पाण्यात टाकल्या तर फुटतात. जूनमध्ये मिठागरात पावसाचे पाणी भरते आणि पुढचे कित्येक महिने तेथे मिठाचा कणही पडत नाही, तरी पुढच्या हंगामात पाणी पुन्हा लाल होतेच. मधल्या काळात हे जीव कोठे असतात? बांधाच्या मातीत, गाळात, की न विरघळलेल्या मिठाच्या खड्यांत अडकलेल्या थेंबांत? खड्यांतील अशा थेंबांत ते जिवंत राहतात हे इतरत्र दिसून आले आहे. खारवलेल्या मासळीवर कधी कधी तांबूस डाग पडतात, तेही मिठाबरोबर आलेल्या याच जीवांचे काम असते. आगरवाड्यात काय घडते हे आगरवाड्यातच शोधावे लागेल. त्यासाठी हंगामाच्या सुरुवातीपासून पहिल्या पावसापर्यंत आणि पावसानंतरही ठरावीक अंतराने नमुने घ्यावे लागतील, त्यांतील जीव वेगळे करून वाढवावे लागतील आणि जे वाढत नाहीत त्यांचा माग डीएनएवरून काढावा लागेल. एक हंगाम चुकला तर पुढच्या वर्षीच्या हंगामाची वाट पाहणे आले. मीठ पिकवणाऱ्या घराला हे मी अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

या शास्त्राची गती किती संथ असते याचे एक उदाहरण तुमच्याच विषयातले देते. १९८० मध्ये अँथनी वॉल्स्बी या शास्त्रज्ञांना सिनाई द्वीपकल्पातील एका खाऱ्या डबक्याच्या पाण्यात चक्क चौकोनी, सपाट, टपाल तिकिटासारख्या पेशी दिसल्या. असा जीव आधी कोणी पाहिला नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली तो ठळक दिसत होता, जगातील अनेक मिठागरांत मुबलक होता, तरी प्रयोगशाळेत तो वाढवणे कोणालाच जमेना. अखेर २००४ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांना ते साधले. दिसणे आणि हातात येणे यांच्यामध्ये २४ वर्षे गेली, आणि त्या काळात कितीतरी संशोधकांनी ज्या प्लेटी, म्हणजे जीव वाढवण्याच्या झाकणाच्या बशा, टाकून दिल्या असतील त्यांची नोंद कोठेही नाही. तुमची मुलगी ज्या जगात जाऊ पाहते आहे तेथे 'यंदा काय हाती लागले' या प्रश्नाचे उत्तर काही वर्षे 'काही नाही' असे असू शकते, आणि तरीही ते वर्ष वाया गेलेले नसते. घरात हा प्रश्न दर गणेशचतुर्थीला विचारला गेला तर मात्र ती खचेल. तुमच्याकडून एवढी एक गोष्ट मी आग्रहाने मागते.

तिचा दिवस कसा जाईल हेही सांगायला हवे, कारण बाहेरून पाहणाऱ्यांना सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली व्यक्तीच दिसते, आणि प्रत्यक्षात त्या कामाला दिवसातला थोडाच वेळ मिळतो. सकाळ जाते ती जीव वाढवण्याचे माध्यम तयार करण्यात. क्षार, पोषकद्रव्ये आणि माध्यम घट्ट करणारी आगर ही पूड मोजून घ्यायची, ते मिश्रण ऑटोक्लेव्ह या बंद भांड्यात १२१ अंश सेल्सिअसला वाफेच्या दाबाखाली १५ मिनिटे ठेवून निर्जंतुक करायचे आणि घट्ट होण्याआधी प्लेटींत ओतायचे. मिठागरातील जीवांसाठी माध्यमातच इतके मीठ लागते की जरा दुर्लक्ष झाले तर प्लेटीवर खडे धरतात. नमुना पसरून ठेवल्यावर वाट पाहणे सुरू होते. आपल्या आतड्यातील ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो, त्यामुळे त्याच्यावर काम करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर मिळते. मिठातल्या जीवांना कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे लागतात. प्लेटी सुकू नयेत म्हणून पिशव्यांत गुंडाळून ठेवाव्या लागतात. वाढलेल्या कॉलनींतून, म्हणजे जीवांच्या ठिपक्यांतून, एकेक उचलून पुन्हा नव्या प्लेटीवर रेघा ओढायच्या, आणि प्लेटीवर एकाच प्रकारचा जीव उरेपर्यंत हे करत राहायचे. मग त्याचे कल्चर, म्हणजे वाढवलेला जिवंत नमुना, ग्लिसरॉलमध्ये घालून उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये जपायचे, त्याची ओळख पटवणाऱ्या जनुकाची सुमारे दीड हजार अक्षरे वाचून घ्यायची आणि आधी नोंदलेल्या जातींशी ताडून पाहायची. जात खरोखर नवी निघाली तर तिला नाव देण्याआधी तिची जिवंत कल्चरे दोन वेगवेगळ्या देशांतील संग्रहांत जमा करावी लागतात. आपल्याकडे चंदीगड आणि पुणे येथे असे संग्रह आहेत. यात रात्री वीज गेली तर फ्रीजरसाठी धावपळ आहे, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात दमट हवेमुळे प्लेटींवर बुरशी चढण्याचा त्रास आहे. ज्याला हे हाताचे काम मनापासून आवडते तोच या क्षेत्रात टिकतो. एम.एस्सी.च्या प्रकल्पाच्या वेळी ती संध्याकाळी प्रयोगशाळेतून घरी येताना कंटाळलेली असायची की बोलण्याच्या भरात असायची, हे तुम्हाला माझ्याहून चांगले ठाऊक असेल.

प्रकृतीची काळजी करू नका. मिठागरातील या जीवांपासून माणसाला रोग झाल्याचे आढळलेले नाही, आणि रोगकारक जीवाणूंवर काम करणाऱ्यांसाठी धोक्याच्या पातळीनुसार वेगळे कक्ष आणि नियम असतात. नव्या विद्यार्थ्यांना दुखापत होते ती अधिक करून बर्नरजवळ ठेवलेल्या अल्कोहोलने किंवा फिनॉलसारख्या रसायनांनी. हातमोजे, ॲप्रन आणि प्रयोगशाळेत खाणेपिणे न करणे एवढी शिस्त तिने पहिल्या दिवसापासून पाळावी.

पैशाबद्दल बोलायचे तर जानेवारी २०२३ पासून जेआरएफची रक्कम पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर वरिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळाल्यावर ४२,००० रुपये आहे. नियमांत बसत असेल तर घरभाडे भत्ता वेगळा. म्हणजे ती तुमच्यावर अवलंबून राहणार नाही. ही रक्कम दरमहा ठरल्या दिवशी खात्यात पडेलच असे नसते, कधी काही महिन्यांची एकदम येते, म्हणून पहिल्या वर्षी घरचा थोडा आधार लागेल हे गृहीत धरा. दोन वर्षांनंतर कनिष्ठची वरिष्ठ होताना एक समिती कामाचे मूल्यमापन करते. हा टप्पा मला महत्त्वाचा वाटतो. त्या वेळी तिने आणि तुम्ही एकत्र बसून मोकळेपणाने विचारावे, की काम पुढे सरकते आहे का आणि तिला ते अजून हवे आहे का. तेव्हा थांबायचे ठरले तर त्यात कमीपणा नाही. प्रयोगशाळेतील दोन वर्षांचा अनुभव औषध कंपन्यांनाही हवा असतो.

लग्नाच्या प्रश्नाला मी टाळणार नाही, कारण आपल्याकडे तो प्रत्येक घरात विचारला जातो आणि पीएचडी करणाऱ्या मुलींना तो प्रयोगांपेक्षा जास्त थकवतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन वर्षे लागतात, सर्वसाधारण मर्यादा सहा वर्षांची आहे, महिलांना त्यापुढे दोन वर्षांची वाढीव सवलत मिळू शकते, आणि संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत मातृत्व व बालसंगोपन रजा घेता येते. लग्न आणि संशोधन यांतून एकच निवडावे लागेल असे नियम म्हणत नाहीत. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांचे लग्न १९३९ मध्ये झाले आणि मुंबई विद्यापीठाची पीएचडी त्यांना त्यानंतर दहा वर्षांनी, १९४९ मध्ये मिळाली. पुढे त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे संशोधन करून परत आल्या, कर्करोगावर आणि कुष्ठरोगाशी संबंधित जीवाणूवर त्यांनी काम केले आणि १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ते दिवस आजच्यापेक्षा खडतर होते. स्थळ पाहताना एकच गोष्ट पारखून घ्या: रविवारी प्लेटी पाहायला प्रयोगशाळेत जावे लागते, हे समोरच्या घराला आधी सांगितल्यावर त्यांचा चेहरा कसा होतो.

आता सर्वांत अवघड प्रश्न, पुढच्या जागेचा. त्याची हमी कोणीही देऊ शकत नाही आणि जो देईल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. गोव्यात राज्याचे विद्यापीठ एकच, १९८५ पासूनचे, ताळगावच्या पठारावर. त्यातील सूक्ष्मजीवशास्त्राच्या कायम जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आणि एखादी रिकामी व्हायची ती कोणीतरी निवृत्त झाल्यावर. महाविद्यालयांत जागा असतात, पण त्यांतील अनेक प्रथम कंत्राटी किंवा तासिका तत्त्वावर भरल्या जातात. मे महिन्यात काम संपते आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखतीला उभे राहावे लागते. माझ्या मते ही पद्धत तरुण शिक्षकांवर अन्याय करणारी आहे. वर्गात उभे राहून पोरांना धीर देणाऱ्या शिक्षकालाच पुढच्या वर्षाचा धीर नसावा, हे कोणत्याही विद्यापीठाला शोभणारे नाही. कायम सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन सुरुवातीला ५७,७०० रुपये आहे आणि त्यावर भत्ते, म्हणजे एकदा जागा मिळाली की स्थैर्य मिळते. पण तेथवर पोचायला कधी कधी पस्तिशी उजाडते. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापक होण्यासाठी नेट किंवा सेट ही राज्य पातळीवरची परीक्षा पुरेशी आहे, पीएचडीची सक्ती नाही. तुमच्या मुलीने नेट आधीच दिली असल्याने ती पात्रता तिच्याकडे कायम राहते. तरी निवडीच्या वेळी पीएचडी आणि शोधनिबंध यांना वजन असतेच. राज्य सरकारच्या महाविद्यालयांतील भरतीला पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोकणीचे ज्ञान मागितले जाते. आगरवाड्याच्या मुलीला त्याची अडचण नाही, फक्त दाखला वेळेत काढून ठेवावा.

विद्यापीठाबाहेरही गोव्यात दारे आहेत, आणि आपल्या छोट्या राज्याच्या मानाने ती बरीच आहेत. दोनापावल येथे १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, वास्को येथे ध्रुवीय आणि महासागर संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे, जुने गोवे येथे कृषी संशोधन परिषदेची किनारी शेतीसंबंधी संस्था आहे, झुआरीनगरला बिट्स पिलानीचा परिसर आहे. मांडवी आणि झुवारीच्या गाळातील धातू सहन करणारे जीवाणू, जहाजांच्या तळाला लावायच्या रंगातील विषारी ट्रायब्युटिलटिन पचवणारे जीवाणू, मिठागरांतील लाल आर्किया, असे विषय गोव्यातच अभ्यासले गेले आहेत, आणि त्यांचे महत्त्व गोव्यापुरते नाही. त्या विषारी रंगावर २००८ पासून आंतरराष्ट्रीय करारान्वये बंदी आहे, पण बंदर आणि गोद्यांच्या गाळात उतरलेले द्रव्य बंदीमुळे नाहीसे होत नाही. प्रकल्प सहायक, वैज्ञानिक, अन्न आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतील तज्ज्ञ, असे कितीतरी मार्ग पीएचडीनंतर उघडतात. पण तिला प्राध्यापकच व्हायचे असेल तर पीएचडीनंतर दोनचार वर्षे गोव्याबाहेर किंवा देशाबाहेर काम करण्याची मानसिक तयारी तिने आणि तुम्हीही आजपासून ठेवा.

आणि प्राध्यापक झाल्यावर? लोक समजतात त्यापेक्षा ते जीवन वेगळे असते. तासिका, प्रात्यक्षिके, उत्तरपत्रिका, प्रवेश समिती, मूल्यांकनाच्या फायली आणि प्रकल्पासाठी निधी मागणारे प्रस्ताव यांतून जो वेळ उरेल तो संशोधनाला. एक रसायन मागवायचे तर कोटेशने, मंजुरी आणि सरकारी पोर्टल यांतून जावे लागते. हे सगळे असूनही मला हे काम फार मोलाचे वाटते, कारण सरकारी कार्यालयात किंवा कारखान्यात कोणी न विचारलेला प्रश्न विचारण्याची मोकळीक क्वचितच मिळते आणि विद्यापीठात ती पदाबरोबर येते. कोलकात्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये, साध्या साधनांनी, सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवले की पटकीचा जीवाणू एक विष बाहेर सोडतो आणि त्या विषानेच शरीरातील पाणी जाते. असे विष असावे हा अंदाज रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्येच वर्तवला होता. तो सिद्ध व्हायला ७५ वर्षे लागली. डे यांना देशात त्या वेळी फारशी दाद मिळाली नाही, परदेशातील शास्त्रज्ञांनी त्यांचे मोठेपण ओळखले तेही उशिरा. जुलाबाने माणूस कसा मरतो आणि त्याला कसे वाचवावे याच्या समजुतीत मात्र त्या कामाने मोठी भर घातली. दाद मिळेल म्हणून या क्षेत्रात येणाऱ्याची निराशा होते. प्रश्न सुटत नाही म्हणून ज्याला अस्वस्थ वाटते, तो येथे बरा राहतो.

म्हणूनच मी मार्गदर्शकाच्या चौकशीवर एवढा भर देते. तुमच्या मुलीने ज्यांच्याकडे काम करायचे ठरवले आहे त्यांच्या प्रयोगशाळेत आज असलेल्या आणि तेथून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांशी, मार्गदर्शकांच्या अनुपस्थितीत, निवांत बोलावे. मागच्या विद्यार्थ्यांना प्रबंध सादर करायला किती वर्षे लागली, काहींनी मध्येच सोडले का आणि का सोडले, विद्यार्थ्याने केलेल्या कामाच्या शोधनिबंधावर पहिले नाव कोणाचे येते, रसायनांना पैसे आहेत की विद्यार्थी खिशातून घालतात, सुट्टी मागितली तर काय होते, आणि मार्गदर्शक आठवड्यातून किती वेळा विद्यार्थ्याची वही उघडून पाहतात, हे सगळे विचारावे. मोठे नाव असलेले पण कधीच न भेटणारे प्राध्यापक आणि कमी प्रसिद्ध पण रोज प्लेटींवरून नजर फिरवणारे प्राध्यापक, यांतून मी विनासंकोच दुसऱ्यांची निवड करीन. ते निवृत्तीच्या किती जवळ आहेत तेही पाहावे. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिली असतील तर नियमानुसार त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही, आणि चार वर्षे राहिली असतील तर नियमात बसूनही पुढे ओढाताण होऊ शकते. उत्तरे समाधानकारक नसतील तर त्याच विषयावर दोनापावलच्या संस्थेत किंवा अन्यत्र विचारणा करावी. वाईट प्रयोगशाळेत पाच वर्षे काढण्यापेक्षा वेर्ण्याची नोकरी शतपटीने बरी.

त्या नोकरीला मी कमी लेखत नाही, आणि तिनेही लेखू नये. औषध कंपनीतील सूक्ष्मजीवतज्ज्ञ पाण्याचे नमुने, स्वच्छ कक्षातील हवा, इंजेक्शनांची निर्जंतुकता आणि त्यांत जीवाणूंच्या पेशीभित्तिकेतून आलेले ताप आणणारे द्रव्य नाही ना, हे दररोज तपासतो. त्याच्या सहीवर कोणाचा तरी जीव अवलंबून असतो. तेथे प्रत्येक पायरी आधी लिहिलेली असते आणि तिच्यात स्वतःच्या मनाने बदल करायचा नसतो. चोख काम करणाऱ्याला त्यात समाधान मिळते, प्रश्न विचारणाऱ्याला घुसमट होते. तुमची मुलगी दोघांपैकी कोणती, हे तिने स्वतःला विचारायला हवे, आणि उत्तर तिचे असावे. काही वर्षे नोकरी करून मग पीएचडीला येणारेही आहेत, पण जेआरएफची मुदत तोवर थांबत नाही, हे लक्षात ठेवूनच तो मार्ग निवडावा.

मिठागरातच नमुने घेण्याचा तिचा विचार असेल तर एक सूचना आहे. घरच्या मिठागराबरोबर रायबंदर किंवा शिरदोणसारख्या ठिकाणचे नमुनेही अभ्यासात असावेत, म्हणजे निष्कर्ष एका आगरापुरता राहणार नाही आणि परीक्षकांना घरच्या जागेबद्दल शंका घेता येणार नाही. तुमच्या मिठागरात पाणी कोणत्या दिवशी कोठून घेतले, कधी लाल झाले, पहिला पाऊस कधी पडला, याची तुम्ही एक साधी वही ठेवलीत तर तिच्या प्रबंधाला ती खरोखर उपयोगी पडेल. अशा नोंदी कोणत्याही उपकरणातून मिळत नाहीत.

आता करायचे ते एवढे: अधिछात्रवृत्तीच्या पत्रावरची मुदत आणि कंपनीने दिलेली रुजू होण्याची तारीख या दोन्ही आजच पाहून घ्या. मधल्या दिवसांत तिने वर सांगितलेली चौकशी पूर्ण करावी. कंपनीकडून आठवडा-दोन आठवड्यांची मुदत मागायची असेल तर ती लेखी मागावी, आणि शेवटी नकार द्यायचा झाला तर तोही रुजू होण्याच्या तारखेआधी, ईमेलने, कारण सांगून आणि आभार मानून द्यावा. गोव्यातील हे क्षेत्र लहान आहे. आज ज्यांना नकार द्यायचा त्यांच्याच प्रयोगशाळेशी उद्या एखाद्या प्रकल्पासाठी तिची गाठ पडण्याची शक्यता बरीच आहे.